झुंबर फिटरची थोरली

निमगाव केतकीत झाड कापायची मशीन बिघडली, की माणसं ती पोत्यात घालून झुंबर फिटरकडं आणतात. झुंबरतात्या पोत्याचं तोंड लगेच सोडत नाहीत. आधी चष्म्यावरून त्या माणसाकडं बघतात आणि विचारतात,

"वाळलेलं का वलं?"

ज्या झाडासाठी मशीन हवी ते झाड वाळलेलं आहे का ओलं, एवढाच प्रश्न. वाळलेलं असलं तर मशीन दुसऱ्या दिवशी तयार. वादळात तारेवर पडलेलं असलं तर उभ्या उभ्या, चहा निवायच्या आत. आणि ओलं असलं की तात्या फार गोड बोलायला लागतात. "ठिवून जावा की. बघतो निवांत." मग त्या मशीनचा पार्ट पुण्यावरून यायचा असतो. हा पार्ट कधी चुकून नाशकाला जातो, कधी पोस्टमन आजारी पडतो, कधी पुण्याच्या दुकानदाराची सासू वारते. बारामतीच्या विशाल लाकूडवाल्याची मशीन एकदा पाच महिने पडून होती, आणि तेवढ्या काळात त्या दुकानदाराच्या तीन सासवा वारल्या.

विशालनं शेवटी न राहवून विचारलं, "तात्या, ह्या गड्यानं लग्नं तरी किती केलीत?"

"मोठा मानूस हाय बाबा," तात्या म्हणाले. "आपन कशाला मोजायची?"

खोटं बोलूनही सुटका नाही. तात्या चेनमधला भुसा चिमटीत घेतात, नाकाशी धरतात आणि सांगतात, "लिंब. वला. परवा कापलाय. देवळामागचा का?" समोरचा मान खाली घालतो. परवानग्या, पंचनामे, शिक्के, अर्जावर अर्ज, एवढ्या सगळ्या कागदांनी जेवढी झाडं वाचली नसतील तेवढी त्या पुण्याच्या दुकानदाराच्या सासवांनी वाचवली, आणि त्यांचा सत्कार मात्र अजून कुणी केलेला नाही.

तात्यांनी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात एकतीस गळीत हंगाम काढले. शाळा नववीत सुटली, पण कान तयार झाला. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून आत काय झिजलंय ते ते सांगायचे. पदवीवाले साहेब यायचे, तात्यांकडून मशीनचं दुखणं समजून घ्यायचे आणि अहवालावर स्वतःची सही ठोकायचे. तात्या तोंडानं कधी भांडले नाहीत. साहेबानं चौदाचा पाना मागितला की ते सतराचा द्यायचे, सतराचा मागितला की चौदाचा. साहेबाला फरक कळायचा नाही, आणि तात्यांचा दिवस चांगला जायचा.

लोक निवृत्त झाले की पारावर बसतात आणि देश चालवतात. तात्यांना चालत्या गोष्टींत रस नव्हता, त्यांना बंद पडलेलीच वस्तू लागायची. रस्त्याच्या कडेची झाडं तोडून झाल्यावर कुणा ठेकेदारानं एक मेलेली मशीन चारीत फेकून दिली होती. तात्यांनी ती उचलून घरी आणली. बघणारा म्हणाला, "तात्या, तुमी तर झाडाच्या बाजूचं. आन् करवत घरी नेताय?" तात्या म्हणाले, "हिनं काय पाप केलं? पाप करनारा गाडीत बसून गेला."

तिथून सुरुवात झाली. वाट चुकलेलं कुत्रं माणसं घरी आणतात तशा तात्यांनी जुन्या मशीनी आणल्या. अकलूजच्या भंगारातून, भिगवणच्या गॅरेजमागून, कुणाच्या माळ्यावरून. बघता बघता एकोणीस झाल्या. बैलं गेल्यावर गोठा रिकामा होता, जिथं जू आणि कासरे टांगायचे त्याच खुंट्यांवर मशीनी टांगल्या गेल्या. सगळ्या घासूनपुसून, तेल पाजून. आणि प्रत्येकीवर खडूनं नाव. चालू व्हायला तीन खेटे घालायला लावते ती 'तहसील'. काम रंगात आलं की नेमकी बंद पडते ती 'वायरमन'. नुसतं तेल पिते, धार मात्र नाही, ती 'पुढारी'. आणि गावभर आवाज करून बोटाएवढी फांदीसुद्धा धड न कापणारी एक पिवळी मशीन होती, तिचं नाव 'दीपक'.

दीपक म्हणजे तात्यांच्या बायकोचा, कुशाबाईंचा धाकटा भाऊ. वडगाव निंबाळकरला त्याचा गायींचा मोठा गोठा होता आणि आवाज त्याहून मोठा. हे नामकरण अजून वडगावपर्यंत पोचलं नव्हतं. कुशाबाईंनी ते नाव एकोणीस वेळा पुसलं होतं, तात्यांनी वीस वेळा लिहिलं होतं.

या सगळ्यांच्या मध्ये, लाकडाच्या ओंडक्यावर, एकटी बसायची ती 'थोरली'. चौदा किलोचं ओतीव अंग, बैलाच्या शिंगासारखी मूठ, आणि आतल्या बाजूला फक्त १९५३ एवढा आकडा वाचता येईल असा झिजलेला शिक्का. म्हणजे तात्यांच्याच वयाची. कन्हेरीच्या एका मळ्यात कडब्याच्या गंजीवरचा कागद उडू नये म्हणून ती वजन म्हणून ठेवलेली होती. तात्यांनी तिच्या बदल्यात चौदा किलोचा दगड स्वतः नेऊन दिला. मळेवाला खूश झाला. म्हणाला, "दगडच बरा. गंजत न्हाय."

बाकीच्या अठरा जणी तात्यांनी एकेक करून बोलत्या केल्या होत्या. मशीन चालू होण्याला तात्यांच्या घरात 'बोलणं' म्हणतात. थोरली मात्र अकरा वर्षं बोलली नव्हती.

यंदा पितृपक्षात दीपकचा फोन आला. दसऱ्याला तो आक्काला एक कालवड आणून देणार होता. कुशाबाईंच्या हाताला बारा वर्षं शेण लागलं नव्हतं आणि ते त्यांना फार खुपत होतं. फोन ठेवला आणि त्या थेट गोठ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अवो, ऐकलं का? ही तुमची भुतं काढा. माजी कालवड येनार हाय."

"बांध की अंगनात," तात्या आतून म्हणाले.

"अंगनात? गोठा काय लोखंडाला आन् जितराब उनात?"

"ही लोखंड हाय व्हय?" तात्या बाहेर आले. हातात थोरलीचं झाकण. "इतकी जुनी मशीन ह्या जिल्ह्यात दुसरी दाखव."

"जुनं तर तुमीबी हाय. तुमाला कुठं टांगलंय मी?"

ओट्यावर आबासाहेब बसले होते, ते खदखदून हसले. आबासाहेब हे शेजारी, आणि चाळीस वर्षं जत्रेच्या कुस्त्यांचे पंच. आखाडा सुटला तरी पंचगिरी सुटली नव्हती. कुणाचंही भांडण लागलं की ते आपोआप मधोमध येऊन उभे राहायचे.

"त्या थोरलीला आकरा वर्सं कुरवाळताय," कुशाबाईंचा आवाज चढला. "एक शब्द बोलली का ती? भंगार हाय ते भंगार!"

आता तात्यांना काहीही म्हणावं. म्हातारा म्हणावं, चक्रम म्हणावं. पण थोरलीला भंगार म्हटलं की त्यांच्या कानशिलाची शीर उडायला लागायची.

"बोलंल! खंडेनवमीच्या आत बोलंल!"

"आन् न्हाय बोलली तर?"

"तर... तर सगळ्या ने भंगारात! एकोनीसच्या एकोनीस!"

शब्द गेला. तात्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. आबासाहेबांनी काठीनं मातीत एक रेघ मारली, आखाड्यात मारतात तशी, आणि दोघांना रेघेच्या दोन बाजूंना उभं केलं. अटी कुशाबाईंनी सांगितल्या, एकेक शब्द तोलून.

"खंडेनवमीला इंदापूरच्या रतनचा टेम्पो येईल. त्यो काटा मांडंल. काट्यावर पयली मशीन चढायच्या आत थोरली बोलली, तर गोठा ह्यांचा, जलमभर. न्हाय बोलली, तर एकोनीस जनी टेम्पोत आन् माजी कालवड गोठ्यात."

"झुंबर, मंजूर?" आबासाहेबांनी विचारलं.

"मंजूर," तात्या म्हणाले. आवाज जरा बारीक झाला होता.

पुढचे पंधरा दिवस तात्यांना जेवणाची शुद्ध नव्हती. थोरलीचं दुखणं त्यांना अकरा वर्षांपासून ठाऊक होतं. ठिणगी पडत होती, पिस्टन तंदुरुस्त होता. नडलं होतं ते कार्बोरेटरच्या आतल्या एका पडद्यापाशी. पातळ रबराचा, रुपयाहून थोडा मोठा गोल पडदा. तो हलला की पेट्रोल ओढलं जातं. थोरलीचा पडदा वाळून पापड झाला होता आणि तसला दुसरा जगात मिळत नव्हता.

तात्यांनी सायकलची ट्यूब कापून लावली, ती पेट्रोलमध्ये पुरीसारखी फुगली. रेनकोटचा तुकडा लावला, तो विरघळला. जनावरांच्या डॉक्टरकडून हातमोजा मागून आणला, त्याचा दुसऱ्या दिवशी चिकट गोळा झाला. शेवटी एसटीनं बारामतीला गेले. तिथल्या चकचकीत दुकानात काउंटरवरच्या पोरानं कार्बोरेटर हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "काका, ही म्युझियमला द्या."

"देतो की," तात्या म्हणाले. "तूबी चल संगट. इतका कमी माल आसलेला दुकानदार म्युझियममधीच ठिवला पायजे."

आणि रिकाम्या हातानं परत आले.

खंडेनवमी उजाडली. तात्या पहाटेच उठले, एक शेवटचा प्रयत्न करावा म्हणून गोठ्यात गेले, आणि दारातच थबकले. कुशाबाई त्यांच्याही आधी उठल्या होत्या. अंगणात घोंगडं अंथरून त्यावर घरातलं झाडून सगळं हत्यार मांडलं होतं: विळे, कोयता, खुरपी, कात्री, शिलाई मशीन, आणि तात्यांची पान्यांची पेटी उघडून एकेक पाना, पक्कड, पेचकस ओळीनं. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. पलीकडं एकोणीस मशीनी, गळ्यात हार घातलेल्या.

तात्यांनी हळूच पेचकसाकडं हात नेला.

"हात मागं!" चुलीपाशी पाठ करून बसलेल्या कुशाबाईंना पाठीलाही डोळे होते. "पूजलेल्या हत्याराला आज शिवायचं न्हाय. उद्या सीमोल्लंघन झालं की मगच. तुमच्या आईनंच शिकीवलंय मला."

"अगं, चारच पेच..."

"एकबी न्हाय."

म्हणजे डाव असा होता. पूजेत पेटी अडकवायची, टेम्पो दहा वाजता बोलवायचा, आणि बसायचं बघत. तात्या ओट्यावर जाऊन बसले. बराच वेळ त्या झेंडूच्या माळांकडं बघत राहिले. मग त्यांच्या मिशीचं एक टोक हळूहळू वर गेलं. साहेबाला चुकीचा पाना देताना जायचं, तसं. ते उठले, परड्यातल्या झेंडूची दहा-बारा फुलं तोडून आणली आणि मुकाट्यानं आणखी एक हार ओवायला लागले.

दहाला रतनचा टेम्पो आला. रतन म्हणजे पस्तिशीचा, पोट सुटलेला, स्वभावानं भाबडा माणूस. भंगाराच्या धंद्यात भाबडा माणूस टिकतो कसा, हे इंदापूरला अजून कळलेलं नाही. त्यानं टेम्पोतून आपला काटा उतरवला आणि अंगणात मांडला.

"आधी च्या घे," तात्या म्हणाले. "सकाळपासनं फिरतोयस. घरी पूजा केलीस का हत्याराची?"

"कुठली तात्या! पाचला बाहेर पडलो."

"आरारारा. वर्साचा सन, आन् पोट भरनारा काटा तसाच पारोसा? आन तो हिकडं. कुशे, आरतीचं ताट दे."

कुशाबाई चहा गाळत होत्या. त्यांना वाटलं, भंगारवाल्याला खूश करून भाव करायचा विचार दिसतोय. त्यांनी ताट दिलं. तात्यांनी काट्याला पाणी शिंपडलं, हळदकुंकू लावलं, नवा हार घातला, वर नारळ फोडला आणि डोळे मिटून हात जोडले. रतननं चपला काढल्या. त्याचे डोळे पाणावले. "माज्या बापानंबी कदी इतक्या मनानं काटा पूजला न्हाय, तात्या."

"चालायचंच," तात्या म्हणाले.

चहा झाला. कुशाबाई पदर खोचून उठल्या. "हं, रतन. चढीव पयली."

रतन काट्याकडं वाकला. तेवढ्यात तात्या अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "रतन, काय करतोस बाबा? पूजलेलं हत्यार आज चालवतात का?"

रतन तसाच वाकलेला राहिला. एकदा हाराकडं बघितलं, एकदा नारळाकडं, एकदा तात्यांकडं. मग सरळ उभा राहिला आणि दोन पावलं मागं सरकला.

कुशाबाईंच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग एकदम सगळं उमटलं.

"आबा! ही लबाडी हाय!"

आबासाहेब उठले. पंच म्हणून त्यांच्या आयुष्यात असा पेच पहिल्यांदाच पडला होता. त्यांनी मातीतली रेघ बघितली, काटा बघितला, आणि मिशीवर बोट फिरवत निवाडा दिला.

"कुशाबाई, अट तुमीच घातली. काट्यावर मशीन चढायच्या आत. काटा तर आज हलत न्हाय. कुस्ती उद्यावर."

"मग ह्यांचा पानाबी हलत न्हाय!"

"पानाबी हलत न्हाय."

"सीमोल्लंघन झाल्याबिगर?"

"दोघांनाबी तेच."

तात्यांचा चेहरा उतरला, कारण पडदा तर अजून मिळालाच नव्हता. एक दिवस चोरला होता, पण त्या दिवसात करायचं काय, हे ठाऊक नव्हतं. रतनचा पूजलेला काटा अंगणातच राहिला आणि तो टेम्पो घेऊन, दुसऱ्या दिवशी यायचं कबूल करून, अर्धा नारळ प्रसाद घेऊन गेला.

दसऱ्याला दुपारी दीपकची पिकअप आली. मागं काळीपांढरी कालवड, पुढं दीपक, आणि त्याच्या आधी त्याचा आवाज.

"आक्काऽऽ! दाजीऽऽ!"

कालवड लिंबाला बांधली. कुशाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. दीपक मिशा पिळत अंगणात फिरला, मांडलेल्या हत्यारांना हात जोडत जोडत पुढं गेला, आणि पिवळ्या मशीनपाशी थांबला. मशीनवर हार होता, कुंकू होतं, आणि हाराखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, दीपक.

तात्या हार सारखा करायच्या निमित्तानं पुढं सरकले.

"दाजी," दीपकचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माज्या नावानं? तुमी माज्या नावानं पूजा करता?"

कुशाबाईंनी तोंडाला पदर लावला. तात्यांनी आभाळाकडं बघितलं.

"आता... घरचं मानूस हायस," तात्या पुटपुटले.

"एवढा जीव? आन् आमी सगळी तुमाला चक्रम म्हनत व्हतो!" दीपकनं तात्यांना कडकडून मिठी मारली. "दाजी, मागा. काय पायजे ते मागा. आज दसरा हाय."

मेव्हण्याकडं काही मागायचं म्हणजे तात्यांना जिवावर यायचं. लग्नात रुसायची संधी आली तेव्हासुद्धा त्यांनी काही मागितलं नव्हतं. पण मिठीतून सुटताना त्यांची नजर पिकअपच्या काचेमागं गेली. तिथं चारपाच काळे, पातळ, गोल रबरी तुकडे पडले होते.

"ते काय हाय?"

"ते व्हय? दूध काढायच्या मशीनचे जुने पडदे. बदलले काल."

तात्यांनी एक हातात घेतला. ताणला, सोडला. तो जागच्या जागी आला. नाकाशी धरला, दुधाचा वास. वर्षानुवर्षं दुधातल्या लोण्यातुपात राहून जे रबर फुगत नाही, ते पेट्रोलनं कशाला फुगेल?

"ह्येच दे," ते म्हणाले.

"एवढंच?" दीपक गहिवरला. "आक्का, कसला निर्लोभी मानूस तुला मिळाला!"

कुशाबाईंनी काहीतरी ओळखलं. त्यांनी तात्यांच्या हाताकडं बघितलं, थोरलीकडं बघितलं, आणि रतनला फोन लावला. "पाचला शिवेवर ये टेम्पो घिऊन. मी तुज्याच गाडीत बसनार हाय."

पाचला गाव शिवेवर जमलं. आपट्याची पानं वाटली गेली, गुरुजींनी पूजा सांगितली, सगळ्यांनी शीव ओलांडली. ओलांडल्या ओलांडल्या कुशाबाई रतनच्या टेम्पोत चढल्या, या वयात, एका दमात. "चल रे, दामट!"

तात्या दीपकच्या पिकअपमध्ये होते, आणि पिकअप टेम्पोच्या मागं अडकली होती. तात्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि गर्दीकडं बघून हाक दिली, "आरं, रतनला सोनं दिलं का कुनी? इंदापुरावनं आलाय गडी, पाव्हना हाय! आन् कुशाबाईंच्या पाया पडला का? थोरलं मानूस हाय!"

निमगावात दसऱ्याला पाहुणा सोन्याविना गेला तर गावाची इज्जत जाते. पन्नास माणसं टेम्पोला भिडली. खिडकीतून आपट्याची पानं आत, पाया पडायला हात आत. "सोनं घ्या, काकू." "सुखी ऱ्हावा, सुखी ऱ्हावा, बाजूला व्हा की मेल्यांनो!" तेवढ्यात पिकअप बाजूच्या कच्च्या वाटेनं निसटली.

घरी पोचताच तात्यांनी कात्री उचलली. पाच रुपयाचं जुनं नाणं पडद्यावर ठेवून भोवतीनं, थोडं मोठं, गोल कापलं. चार पेच काढले. वाळका पापड काढला, नवा पडदा बसवला. पेच लावायला घेतले तोच टेम्पो दारात कचकन थांबला. कुशाबाईंच्या केसांत, पदरात, कानामागं आपट्याची पानं होती. त्या आबासाहेबांना बखोटीला धरून घेऊन आल्या.

"सीमोल्लंघन झालं ना, आबा?"

"झालं."

"रतन, काटा!"

रतननं काट्याला नमस्कार केला आणि हार उतरवला. कुशाबाईंनी हाताला येईल ती सगळ्यात हलकी मशीन उचलली. पिवळी.

"आक्का, ती न्हाय!" दीपक आडवा आला. "माज्या नावाची हाय ती. भंगारात घालतीस व्हय मला?"

"सोड, दीपक!"

"न्हाय सोडत! दाजींनी प्रेमानं ठिवलंय नाव!"

"आरं गाढवा, प्रेमानं न्हाय..."

एका मुठीला बहीण, दुसऱ्या मुठीला भाऊ. काट्यापासून वीतभर वर पिवळी मशीन झोके खायला लागली. रतन खाली काटा धरून होता, कुणाकडं सरकवावा ते त्याला कळेना. तात्यांनी शेवटचा पेच आवळला, थोरलीवर गुडघा रोवला आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा एक खोकला आला, निळा धूर. चौथ्यांदा दोरी ओढायला हात गेला तेव्हा तात्या तिच्या कानाशी बोलावं तसं वाकून म्हणाले, "बाई, आज इज्जत राख."

आणि थोरली बोलली.

बोलली म्हणजे काय! अकरा वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. पत्रे थरारले, लिंबावरचे कावळे उडाले, घोंगड्यावरचे पाने नाचायला लागले. रतननं काटा सोडून कान धरले. आबासाहेबांनी तात्यांचा हात धरून वर केला, जत्रेत जिंकलेल्या पैलवानाचा करतात तसा. कुशाबाईंच्या हातातून पिवळी सुटली. त्यांनी तोंडावर हात घेतला, आणि हाताच्या आडून त्या हसत होत्या, हे तात्यांनी बघितलं.

कालवडीनं मात्र असला आवाज जन्मात ऐकला नव्हता. तिनं एक हिसडा दिला, दावं तुटलं आणि शेपटी वर करून ती समोरच्या उसात घुसली.

"माजी कालवड!" कुशाबाई ओरडल्या. सगळे धावले. पंच धावले, भंगारवाला धावला, दीपक सगळ्यांत मोठ्यानं ओरडत चुकीच्या दिशेनं धावला. अर्ध्या तासानं ती सापडली ती तात्यांना, उसाच्या पलीकडच्या बांधावर, थरथरत उभी. तात्यांनी तिच्या मानेखाली खाजवलं. ती त्यांच्या तेलकट बाहीला चाटायला लागली. परत येताना ती त्यांच्याच मागून आली, पण गोठ्याच्या दारात पाय रोवून उभी राहिली. आतून पेट्रोलचा वास येत होता. ती आत जाईना.

तात्या जिंकले होते. गोठा त्यांचा होता, जन्मभर, पंचांच्या साक्षीनं. ते दारात उभे राहून एकदा खुंट्यांकडं बघत होते, एकदा कालवडीकडं. मग त्यांनी 'तहसील' उचलली, खुंटी उपटली आणि बाहेर निघाले.

"कुठं निघाला?" कुशाबाईंनी विचारलं.

"अट गोठ्याची व्हती," तात्या म्हणाले. "घराची न्हाय."

आता झुंबर फिटरच्या घरी गेलात तर बाहेरच्या खोलीत अठरा मशीनी टांगलेल्या दिसतील. टीव्हीच्या शेजारी, जिथं फुलदाणी ठेवायची कुशाबाईंची फार इच्छा होती तिथं, थोरली बसलेली असते. त्या संध्याकाळी दीपकनं हट्टानं आपल्या नावाची मशीन चालवून बघितली होती. गावभर आवाज झाला आणि बोटाएवढी फांदी कापली गेली नाही. दीपकनं फांदीवरून बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "दाजी, हे नाव बदला. आमाला काय मान हाय का न्हाय?" तात्यांनी त्याच्यासमोरच खडू घेतला आणि नाव बदललं. आता तिच्यावर 'दीपकराव' असं लिहिलेलं आहे.

कालवडीचं नाव मात्र कुशाबाईंनी ठेवलं. रोज सकाळी त्या शेणाचं घमेलं घेऊन गोठ्यात जातात आणि ओरडतात, "ए फिटर, सरक तिकडं!"

आत कालवड सरकते. बाहेर ओट्यावर चहा पीत बसलेले तात्याही थोडे सरकतात.